जत्रेचा ताप

आमच्या कंपनीत दर चैत्रात एकदा तापाची साथ यायची. हिंगणमळ्याच्या म्हसोबाची जत्रा उजाडली की साथ यायची आणि जत्रा उलगली की जायची. कामगार जवळजवळ सगळे त्याच गावचे, त्यामुळे लेथवरचे, पॅकिंगचे, कँटीनचे, सगळे एकाच दिवशी आजारी. कुपवाड फाट्यावरचे डॉ. बिरनाळे त्या दोन दिवसांत मान वर न करता दाखले लिहीत बसायचे. दाखल्यावर मजकूर ठरलेला: ‘ताप. दोन दिवस विश्रांती.’ मग पुढच्या आठवड्यात सुपरवायझरच्या टेबलावर गुपचूप एक डबा यायचा, त्यात जत्रेचं मटण आणि वर तर्री आलेला तांबडा रस्सा. साहेब लोक डबा संपवायचे आणि दाखला फाइलला लावायचे. सगळ्यांना सगळं माहीत असायचं आणि कुणाचंच काही अडत नव्हतं.

मी अनुजा नलवडे, त्या कंपनीच्या टाइम ऑफिसला. कोण आलं, कोण नाही आलं, कुणाची रजा कशात धरायची, हे बघणारी बाई. गावाशी माझं नातं सुनेचं. सासर हिंगणमळ्याचं असल्यामुळे ह्या तापाबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही.

पण दाखल्याची दुसरी बाजूही मी बघितली होती. कँटीनच्या सुमनमावशींना एकदा रात्रभर जुलाब झाले. घरी पडून राहिल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी बऱ्या झाल्या असत्या. पण कंपनीला दाखला हवा, म्हणून त्या पोट धरून दवाखान्याच्या बाकावर बसल्या. शेजारी खोकणारा माणूस, त्याच्या शेजारी तापाने फणफणलेलं पोर. दिवसाच्या पगारापेक्षा फी आणि रिक्षा जास्त झाली, आणि वर त्या आठवड्यात खोकलाही लागला. आजारी नाही असं ठरू नये म्हणून माणसाने आणखी आजारी पडायचं, असला तो कारभार होता.

मग श्वासाच्या रोगाची ती मोठी साथ आली. दवाखाने भरून वाहिले, तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की रांगेत उभी असलेली निम्मी माणसं औषधासाठी आलेलीच नाहीत, कागदासाठी आली आहेत. साथ ओसरल्यावर कायदा झाला: तीन दिवसांपर्यंतच्या आजारी रजेसाठी मालकाने डॉक्टरचा दाखला मागायचा नाही. कामगाराने ‘मला बरं वाटत नाही’ एवढं सांगितलं की पुरे.

मला वाटलं, आता कंपनीला कुलूप लागणार. तसं काही झालं नाही. माणसं पूर्वीइतकीच आजारी पडायची, फक्त लवकर बरी व्हायची. खोटं बोलायला तोंड लागतं, आणि टाइम ऑफिसच्या बाईला फोन करून स्वतःच्या तोंडाने खोटं सांगणं हे कागदाने खोटं सांगण्यापेक्षा अवघड असतं. बिरनाळे डॉक्टर तर इतके खूश झाले की त्यांनी दवाखान्यात पेढे वाटले. तीन-चार वर्षं फार चांगली गेली.

त्यानंतर फुंकणी आली.

खरं नाव श्वासपट्टी. पण बोटभर लांबीची पोकळ नळी आणि तिच्यात फुंकायचं, म्हटल्यावर चुलीपुढची फुंकणी आठवल्याशिवाय राहत नाही. शरीरात जंतू शिरला की शरीर आपल्या पेशींना बोलावणी धाडतं. ही बोलावणी म्हणजे बारीक रसायनं. ती रक्तात असतात आणि अगदी किंचित प्रमाणात श्वासाच्या ओलाव्यातही उतरतात. नळीतल्या पट्टीवर त्यांना नेमकं धरून ठेवणारे रेणू बसवलेले असतात. रसायनं चिकटली की पट्टीचा रंग बदलतो आणि फोनचा कॅमेरा तो वाचतो. हिरवी म्हणजे सगळं शांत, लाल म्हणजे शरीर लढतंय, पिवळी म्हणजे लढाई नुकती सुरू झाली आहे, ताप उद्या येईल. माणसाला कळायच्या आधी पट्टीला कळायचं, आणि त्यातच तिचं मोठेपण होतं. पहिल्याच हिवाळ्यात पिवळ्या पट्ट्यांची माणसं घरी थांबली आणि कँटीनमधून पसरणारा फ्लू कँटीनपर्यंत पोचलाच नाही. मी स्वतः तिचं कौतुक करत फिरले आहे.

पट्टीला एवढंच कळतं, शरीर कुणाशी लढतंय का. डोकं फुटायची वेळ आलेली अर्धशिशी तिला दिसत नाही. मणक्यात दबलेली नस दिसत नाही, पाळीची कळ दिसत नाही, मनाचं तर सोडूनच द्या. डबीवर बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं, पण डबीवरचं कोण वाचतं.

कंपनीने पट्टी सक्तीची केली नाही. कायद्याने करताच येत नव्हती. फक्त एक सोय केली: ज्याला वाटेल त्याने फुंकावं, निकाल आपोआप आमच्याकडे येईल. माझ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे फुंकल्याची निळी खूण आणि शेजारी पट्टीचा रंग उमटायचा. न फुंकणाऱ्यापुढे काहीच नाही, रकाना कोरा. सलग निळ्या खुणा झाल्या की साखळी मोठी व्हायची, आणि मोठ्या साखळीवाल्याला दिवाळीला कंपनीकडून कुकर मिळायचा. माणसं धडधाकट असतानाही रोज सकाळी फुंकायला लागली. वर्षभरात अशी गत झाली की फुंकणाऱ्यावर विश्वास आणि न फुंकणाऱ्यावर संशय. नुसत्या शब्दाला किंमत होती तीही गेली, आणि ती कुणी काढून घेतली म्हणावं, तर बोट दाखवायला माणूस नाही.

जत्रेची मोडतोड मात्र आम्हीच आमच्या हाताने केली. गेल्या वर्षी बऱ्याच जणांनी पूर्वीसारखं ‘पोटात कळ येते’ सांगून दांडी मारली होती. जत्रा कमिटीच्या उत्साही पोरांनी देवळाच्या कमानीखाली आरोग्याचा मांडव टाकला: फुंका आणि बुंदीचं पुडकं घेऊन जा. गर्दीत रोग पसरू नये हा हेतू, आणि बुंदी फुकट. सगळ्यांचे फोन कंपनीला जोडलेले, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी पोट धरून पडलेली माणसं दुपारी कमानीखाली एकापाठोपाठ एक ठणठणीत निघाली आणि माझा पडदा हिरवागार झाला. कायद्यामुळे कारवाई झाली नाही, पण कंपनीभर जो हशा पिकला त्याने माणसं एवढी ओशाळली की यंदा जत्रेला कुणी रजेचं नाव काढेना.

फुंकणी घरातही शिरली होती. शेजारची सून डोकं धरून बसली की सासू आधी नळी पुढे करायची. आमच्याकडे माझी कंबर गेलं वर्षभर धरलेली. खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी एकदा ह्यांना म्हटलं, आज स्वयंपाक नको, बाहेरून आणू. ह्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, “फुंकलीस का?” फुंकली होती. हिरवी होती. “मग झालं की,” म्हणाले. मी पीठ मळायला घेतलं. तेव्हा मला राग कंबरेचा आला की ह्यांचा, ते ठरवायला वेळ नव्हता.

आता संग्रामचं सांगते. संग्राम माझा धाकटा दीर. लेथवर त्याचा हात असा की ड्रॉइंग एकदा बघितलं की परत बघायची गरज नाही. तो आमच्यापासून वेगळा, बुधगावच्या रस्त्याला दोन खोल्यांत बायकोसोबत राहायचा. आमच्या कंपनीत आता न फुंकणारा तो एकटाच उरला होता. महिन्यातून एक-दोनदा फोन यायचा, “वहिनी, आज बरं वाटत नाही,” आणि त्याच्या नावापुढे कोरा रकाना. लोक म्हणायचे, वहिनी टाइम ऑफिसला, मग काय, मज्जाच आहे. त्या बोलण्याची मला एवढी चीड होती की मी त्याच्याशी परक्यापेक्षा कडक वागायचे.

चार्जहँडची, म्हणजे लेथवाल्यांच्या मुकादमाची, जागा निघाली तेव्हा मनुष्यबळ खात्याचे कुलथे साहेब माझ्या टेबलाशी आले. माणूस वाईट नाही, फक्त आकड्यांवर जीव. त्यांनी सांगितलं की संग्रामचं काम उत्तम आहे, पण कोऱ्या रकान्यांच्या माणसाच्या हाताखाली पंधरा जण कसे द्यायचे. कागद दिल्यासारखं एकदा त्याने फुंकून टाकलं तर प्रश्नच मिटेल. मी म्हटलं, कायद्याने आपण मागू शकत नाही.

“आपण मागत नाही, मॅडम,” साहेब म्हणाले. “आपण फक्त बघतो. जत्रेनंतरच्या सोमवारी नाव पक्कं करायचंय.”

दुसऱ्याच दिवशी संग्रामचा फोन आला, बरं वाटत नाही. माझं डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीत मी स्कूटर काढली, पर्समध्ये नळी टाकली आणि थेट त्याच्या घरी गेले. आज समोर उभं करून फुंकायला लावायचं, असं ठरवूनच.

दार संग्रामनेच उघडलं. कमरेला पंचा, हाताला भाताचं पाणी. मला बघून त्याचा चेहरा उतरला. मी आत गेले तर आतल्या खोलीत माझी जाऊ केतकी भिंतीकडे तोंड करून खाली बसलेली. केस विंचरलेले नव्हते. समोर चहा तसाच, वर साय आलेली. मी हाक मारली तर तिने मान हलवली, वळली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं, हे मला माहीत होतं. महिनाभर आम्ही येऊन-जाऊन होतो. मग ती शिवणकामाला लागली, हसायला-बोलायला लागली, आम्ही समजलो सावरली. संग्रामने स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं की मिरजेच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे, एरवी ती बरी असते, पण मध्येच असे दिवस येतात. उठत नाही, खात नाही. अशा दिवशी तिला एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. हक्काच्या रजा केव्हाच संपल्या. दुसऱ्याच्या आजारपणासाठी आजारी रजा मिळत नाही.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

“तुमाला सांगितलं असतं, तर तुमाला खोटं लिहावं लागलं असतं,” तो म्हणाला. “आणि साहेबाला सांगितलं, तर उद्या कँटीनला तिचं नाव. मी फुंकलो की हिरवीच येणार, वहिनी. मला काय धाड भरलीय? म्हणून नुसतं सांगतोय. कायदा हाय तोवर सांगणार. पोस्ट गेली तर गेली.”

तेवढ्यात केतकी दारात येऊन उभी राहिली. तिची नजर माझ्या पर्सवर होती. पर्सच्या तोंडातून नळी वर आली होती.

“ताई, फुंकणी आणलीय ना?” ती म्हणाली. “द्या की. मी फुंकते.”

मी नको नको म्हणेपर्यंत तिने नळी घेतली आणि फुंकली. पट्टी हिरवी झाली. स्वच्छ, पोपटी हिरवी. केतकीने ती माझ्या हातात ठेवली.

“बघा,” ती म्हणाली. “मला काहीच झालेलं नाही.”

ती परत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला लाज वाटली. ती पट्टी मी कचऱ्यात टाकू शकले नाही आणि जवळही ठेववेना, शेवटी संग्रामने माझ्या हातातून घेतली.

संध्याकाळभर मी विचार करत होते. संग्रामसाठी मी शब्द टाकला तर कारण विचारणार. नियम दाखवला तर कुलथे साहेब म्हणणार, आम्ही मागतोय कुठे. मग हळूहळू लक्षात आलं की संग्रामचा रकाना कोरा आहे हा दोष नाहीच. बाकी सगळे निळे आहेत, म्हणून तो कोरा दिसतो. पण साखळ्या जपणाऱ्या, कुकर मिळालेल्या माणसांना सांगायचं काय, आणि कारण न सांगता?

मी बिरनाळे डॉक्टरांकडे गेले. ते आता प्रॅक्टिस सोडून जत्रा कमिटीचे अध्यक्ष झाले होते आणि अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होते. मी एवढंच म्हटलं, एका माणसासाठी एक दिवस कुणीच फुंकायला नको आहे, आणि माणूस कोण ते सांगता येणार नाही. डॉक्टरांनी झारी खाली ठेवली.

“सूनबाई, मी आयुष्यभर ‘ताप’ लिहिला,” ते म्हणाले. “जत्रेला गेलेल्यांना ताप, तो तर तुलाही ठाऊक आहे. पण नवऱ्याने मारलेलीला ताप, पोरगं नापास झाल्यावर घराबाहेर पडायची लाज वाटणाऱ्याला ताप, गर्भ पडलेलीला ताप. खरं लिहिलं असतं तर त्यांना कामावर परत जाता आलं नसतं. त्या एका शब्दाखाली किती जण झाकले होते, ते माझं मलाच आता आठवत नाही.”

कोण म्हणून त्यांनी विचारलं नाही. त्यांना न विचारायची सवय होती. झारी परत उचलून त्यांनी मला विचारलं, म्हसोबाचा वार अजून पाळतात ना? मी म्हटलं, पाळतात की. जत्रेदिवशी हिंगणमळ्यात औत जुंपत नाहीत, जातं फिरवत नाहीत. आता जाती राहिली नाहीत तर पिठाची गिरणी बंद ठेवतात. वार मोडला तर देव कोपतो, असं म्हातारी माणसं सांगतात, आणि तरणी माणसं हसतात पण मोडत नाहीत.

दोन दिवसांनी देवळात गुरवाने जत्रेची दवंडी दिली. मंगळवारी वार पाळायचा आहे: औत नाही, गिरणी नाही, आणि फुंकणी नाही. गेल्या वर्षी देवाच्या कमानीखाली फुंकाफुंकी केली, तेव्हाच देवाने सगळ्यांना तोंडघशी पाडलं, आता तरी शहाणे व्हा. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी घातलं होतं, माझी खात्री आहे. बुंदी खाऊन फजित झालेल्या लोकांना ते पटकन पटलं.

मंगळवारी सकाळी मी टाइम ऑफिसला बसले आणि फोन सुरू झाला. बरं वाटत नाही. बरं वाटत नाही, मॅडम. सुमनमावशी म्हणाल्या, बाई, आज अंगात कसकस हाय बघा, आणि मागे हलगी वाजत होती. मी प्रत्येकाला बरं, काळजी घ्या म्हटलं. जे कामावर आले होते त्यांनीही फुंकलं नव्हतं, देवाचा वार होता. पडदा वरपासून खालपर्यंत कोरा.

कुलथे साहेब आले, पडद्याकडे बघत उभे राहिले. एवढे सगळे खोटारडे कसे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की खोटारडे कोण आणि खरे कोण, ते ह्या पडद्यावरून कळत नाही, आणि कालही कळत नव्हतं. मग मी पर्स उचलली. म्हटलं, मलाही बरं वाटत नाही, मी निघते.

“फुंकलात का?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“असं विचारता येत नाही, साहेब,” मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. एवढं मात्र त्यांचं मी मानते.

पुढचं आधीच सांगून टाकते. दुसऱ्या पाळीला मशीन शॉपमध्ये मशीनं ओळीने बंद होती आणि एकच लेथ चालू होतं, संग्रामचं. कोऱ्या रकान्यांचा तो माणूस सोडला तर त्या पाळीला शॉपमध्ये कुणी नव्हतं. कुलथे साहेब दारात उभे राहून बराच वेळ बघत होते, असं वॉचमनने सांगितलं. जत्रेनंतर तुटलेल्या साखळ्या पुष्कळांनी परत जोडल्याच नाहीत. एकदा तुटल्यावर कोण रोज सकाळी फुंकत बसतो. महिन्याभरात माझ्या पडद्यावरून तो रकाना निघाला. त्याआधीच, ठरलेल्या सोमवारी, चार्जहँडच्या जागेसाठी साहेबांनी शेवटी हातचं काम बघितलं, आणि हातचं काम बघितल्यावर दुसरं नाव निघणं शक्य नव्हतं. संग्रामचा फोन अजूनही येतो. मी लिहून घेते.

पण त्या मंगळवारची दुपार राहिली. केतकीचा आदल्या दिवसापासून वाईट काळ चालू होता. मीच संग्रामला म्हटलं होतं, तू कामावर जा, तिच्याजवळ मी बसते. तो गेल्यावर मी आतल्या खोलीत तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले. दूर जत्रेचा भोंगा वाजत होता. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, आज कामावर नाही गेलात? मी म्हटलं, बरं वाटत नाही असं सांगून आले. सांगताना हसू आलं, आणि उठून पाणी आणायला गेले तर कंबरेतून कळ निघाली आणि मी मटकन खाली बसले. तोंडातून आई गं निघून गेलं.

केतकीने वळून माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणाकडे तरी नीट बघितलं असेल. मग भिंतीचा आधार घेत उठली आणि स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. तव्यावर मीठ तडतडलं. परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेली गरम मिठाची पुरचुंडी होती.

“पालथ्या झोपा,” ती म्हणाली. “कुठं दुखतंय ते दाखवा.”

मी हात मागे नेऊन जागा दाखवली.